दाजी, चूक पान्याची नव्हती

मागच्या महिन्यात भाचीच्या मुलाच्या बारशाला, पंधरा-वीस माणसांत, दाजींनी निकाल देऊन टाकला. "मेस्त्रीला द्यायचं काम ह्यानं स्वतः केलं, म्हणून गाडी बसली. शिकलेल्या माणसानं पाना हातात घेऊच नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. ताट समोर होतं, दाजी वयानं मोठे, म्हणून मी गप्प बसलो. पण हे वाक्य त्यांचं एकट्याचं नाही. जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत, ऑफिसात, टायरवाल्याच्या दुकानात मला ते वर्षभर ऐकवलं गेलं आहे, आणि ऐकवणाऱ्यांतल्या एकानंही गाडी नेमकी कशानं बसली हे विचारलेलं नाही. म्हणून आता लिहून उत्तर देतो.

घडलं ते आधी सांगतो. माझी डिझेल स्विफ्ट 2013 ची, दुसऱ्याकडून घेतलेली. आईला दर पौर्णिमेला तुळजापूरला न्यायचं असतं. गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि पुढं घाट म्हटलं की गाडी दुसऱ्या गिअरवर येऊन रडायची. इंजिन 1248 सीसीचं, 75 अश्वशक्तीचं. हेच इंजिन कारखान्यातून 90 अश्वशक्तीतही निघालं, हे मला ठाऊक होतं. मग इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो मोठा लावला की काम झालं, असा माझा हिशेब. गावाबाहेरच्या एका विक्रेत्यानं फोनवर सांगितलं, "साहेब, बोल्ट खोला, बोल्ट लावा. दोन रविवारचं काम." मित्र म्हणाला, "होतंय की बे, एवढं काय त्यात!" 22,000 रुपयांचा टर्बो खोक्यात घरी आला. दोन रविवारांचे अकरा झाले, खर्च 61,000 वर गेला, आणि आज गाडीवर पूर्वीचाच, कंपनीचा टर्बो आहे. दाजी म्हणतात ती हार हीच. हार मला मान्य आहे. तिचं त्यांनी सांगितलेलं कारण मात्र मान्य नाही.

पहिला दीड महिना गेला तो एका तुटलेल्या स्टडपायी. एक्झॉस्टच्या नळकांड्याला धरून ठेवणारे हे स्टड वर्षानुवर्षं खूप तापतात, थंड होतात, आणि हळूहळू हेडच्या धातूत जणू रुजून जातात. दोन दिवस तेल मुरवूनसुद्धा तिसरा स्टड मुळाशी तुटला. ड्रिल मारायला गेलो तर ड्रिलचं टोक सरकून शेजारच्या धातूवर ओरखडा उठला. त्या रात्री मला झोप लागली नाही. शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका वेल्डर अण्णांना घरी आणलं. त्यांनी आधी बॅटरीच्या तारा आणि कॉम्प्युटरचा जोड काढायला लावला, मग तुटक्या स्टडच्या डोक्यावर एक नट ठेवून आतून वेल्ड भरलं, आणि ते लाल असतानाच पान्यानं हळूहळू पुढंमागं करत अख्खा स्टड बाहेर काढला. दहा मिनिटांचं काम. पैसे घेताना म्हणाले, "थंड असताना जोर लावायचा नसतो, मालक." दाजी, ह्या माणसाकडून मी जे शिकलो ते मी पाना हातात घेतला नसता तर शिकलो नसतो. त्या कामासाठी मी कारागिराकडे गेलो, ह्यातही मला कमीपणा वाटला नाही. घरी काम करणं म्हणजे कुणाकडेच न जाणं, असं मी कधी म्हटलंच नव्हतं.

आता खऱ्या चुकीकडे येतो. टर्बोच्या मधल्या भागात एक दांडा असतो. एका टोकाला धुराच्या झोतानं फिरणारं चाक, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चाक. छोट्या गाडीच्या टर्बोत हा दांडा मिनिटाला 2 लाखांहून जास्त फेरे घेतो. इतक्या वेगाला धातूवर धातू टिकत नाही. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ते तेल इंजिनातून दाबानं वरून येतं, पण खाली परततं ते निव्वळ स्वतःच्या वजनानं. परतीच्या नळीत दाब नसतो, फेस झालेलं तेल फक्त उतारावरून घरंगळतं. म्हणून ही नळी उभी हवी, फार तर 35 अंशांपर्यंत कललेली. माझ्या नव्या टर्बोचं तोंड जुन्यापेक्षा वेगळ्या दिशेला होतं. मधला भाग सैल करून फिरवून घ्यायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. मी रबरी नळी वाकवून जोडून टाकली. बसली म्हणजे झालं, असं मला वाटलं.

ती नळी किती कललेली होती हे मी नंतर मोजलं. बांधकामावरचा ओळंबा आणि मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन. 58 अंश.

मोजण्याआधी जे घडलं त्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. मे महिन्यातला रविवार, दुपारचे चार. गाडी अंगणात सुरू केली. आधी निळसर पांढरा धूर. मी समजलो, नवीन टर्बोचं सील फुटलं. टर्बोचं सील रबराचं नसतं, ते पिस्टनच्या रिंगसारखं धातूचं कडं असतं आणि साचलेलं तेल अडवायचं काम ते करूच शकत नाही, हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं. परतीची वाट तुंबली की तेल कड्याला ओलांडून दोन्ही बाजूंना जातं, एकीकडून सायलेन्सरमध्ये आणि दुसरीकडून थेट इंजिनाच्या श्वासात. डिझेल इंजिनाला ते तेल डिझेलइतकंच गोड लागतं. माझा पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिनाचा आवाज चढू लागला. चावी फिरवली, इंजिन बंद होईना. चावी डिझेल तोडते, आणि इंजिन त्या क्षणी डिझेलवर चालतच नव्हतं. मुलगा बॉनेटशेजारी उभा होता. मी त्याला ओरडून फाटकाबाहेर पाठवलं, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, ब्रेक पूर्ण दाबला आणि क्लच सोडला. एक हिसका बसून इंजिन मेलं. सगळं मिळून दहा-बारा सेकंदांचा प्रकार. अंगणात बराच वेळ कुणी बोललं नाही.

दाजींच्या बाजूचा सगळ्यात जड पुरावा हाच आहे, म्हणून तो मीच मांडला. जीव गेला असता, हे खरं. पण जीव धोक्यात कशानं आला? 58 अंशांच्या नळीनं. ती नळी गॅरेजमध्ये कुणी पगारी माणसानं तशीच वाकवून लावली असती, तर इंजिन शहाण्यासारखं वागलं असतं का? तेलाला पाना कुणाच्या हातात होता हे कळत नाही. त्याला उतार कळतो.

"मेस्त्रीनं तसं केलंच नसतं," असं दाजी म्हणतील. इथं मला त्यांना माझ्याच गाडीतली एक वस्तू दाखवायची आहे. ती मी डबीत जपून ठेवली आहे. जुना टर्बो काढताना तेल आणणाऱ्या नळीचा पोकळ बोल्ट खोलला. त्याच्या बारीक भोकात काळा कार्बन आणि लाल सिलिकॉनचे तुकडे घट्ट बसले होते. आधीच्या मालकानं दिलेल्या बिलांत एका गॅरेजचं बिल होतं. टर्बो खोलून पुन्हा बसवल्याचं. गॅरेजचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. पॅकिंगऐवजी सिलिकॉन चोपडलेलं, तेलाची नळी न धुता परत लावलेली, बोल्टाच्या तोंडाशी कचरा. पैसे घेऊन, मेस्त्रीच्या हातून, गॅरेजच्या छपराखाली झालेलं काम होतं ते. त्या भोकातून अजून थोडं कमी तेल आलं असतं तर कंपनीचा टर्बोसुद्धा गेला असता, आणि त्या वेळी कुणी म्हटलं नसतं की मेस्त्रीला दिलं म्हणून गेला.

गावातल्या मेस्त्रींवर माझा राग नाही. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर होते. माग बिघडला की मालकाला इंजिनिअर आठवायचा नाही, जॉबर आठवायचा. धोट्याच्या आवाजावरून कुठल्या बाजूला सैल आहे ते वडील सांगायचे, पण तेवढ्यावर कधी थांबायचे नाहीत. कान लावून झाला की खिशातून पट्टी काढायचे, फट मोजायचे, मगच हात लावायचे. "कानाला वाटतं, पट्टीला दिसतं," असं ते म्हणायचे. शिकलेल्या माणसानं पाना धरू नये असं कुणी म्हटलं की मला आधी त्यांची ती पट्टी आठवते. ते चौथीपर्यंत शिकलेले होते, आणि माझ्यासारख्या पदवीधरानं कोन न मोजता नळी जोडली. शिकण्याचा आणि पान्याचा वैरभाव असतो हे दाजींनी कुठं पाहिलं?

आणि हे सोलापूर आहे. मोटारीचा कारखाना ह्या देशात उभा करायचा ध्यास घेऊन 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद 1882 साली ह्याच गावात जन्मले. 1992 पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना इथं आहे, आणि इथं घडलेले कॅमशाफ्ट देशोदेशींच्या मोटारींत बसतात. म्हणजे मायक्रॉनची भाषा आमच्या एमआयडीसीत रोज बोलली जाते. शिफ्ट संपवून हजारो माणसं ती भाषा डोक्यात घेऊन घरी येतात. इंजिन 4000 फेऱ्यांवर असतं तेव्हा कॅमशाफ्ट 2000 फेरे घेतो. त्याच्यासाठी एवढी अचूकता पाळणारं गाव त्याच्या शंभरपट वेगानं फिरणारा टर्बो "अंदाजे घट्ट कर" म्हणून बसवतं, ह्याचं मला खरंच दुःख होतं. गल्लीतल्या चार गॅरेजांत घट्टपणा मोजणारा टॉर्क पाना मागितला. एका ठिकाणी मिळाला, पेटीच्या तळाशी, गंजलेला.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण दाजींपेक्षा त्या बाजूनं माझं जास्त नुकसान केलं. "बोल्ट खोला, बोल्ट लावा" म्हणणाऱ्यांची बाजू. आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस इंजिनिअरनं धुराच्या जोरावर हवा दाबायच्या कल्पनेचं पेटंट 1905 साली घेतलं. समाधानकारक चालणारी रचना हाती यायला त्याला वीस वर्षं लागली. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोवाली गाडी बाजारात आली. तिच्या इंजिनात शुद्ध पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारावं लागे, नाहीतर दाबलेल्या गरम हवेनं इंजिन ठोकू लागे. ग्राहक ते मिश्रण भरायला विसरायचे. शेवटी कंपनीनं अनेकांच्या गाड्यांवरचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. जनरल मोटर्सच्या घरातली गोष्ट आहे ही. आणि माझा विक्रेता मला दोन रविवार सांगतो.

तो जे विकत होता ते सुटं चाक होतं. 75 आणि 90 अश्वशक्तीच्या इंजिनांत फरक फक्त टर्बोचा आहे असं मी धरून चाललो होतो. 90 वाल्याचा टर्बो पंखांची दिशा बदलणारा, आणि त्याला चालवणाऱ्या कॉम्प्युटरची आकडेमोड पूर्ण वेगळी. माझ्या गाडीच्या कॉम्प्युटरला नवं चाक आल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. तो आपल्या ठरलेल्या फेऱ्यांवर ठरलेला दाब मागायचा. मोठं चाक जड, ते उशिरा वेग घ्यायचं, दाब कमी पडायचा, कॉम्प्युटर डिझेल कापायचा आणि दिवा लावायचा. तेलाची नळी दुरुस्त केल्यानंतरचे सगळे रविवार ह्यातच गेले. स्कॅनरवर पी0299, म्हणजे दाब कमी. सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या पुढं गाडी ट्रकच्या मागं चाळीसच्या वेगानं रांगत होती, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला. सात रस्त्याला सिग्नल सुटला की मागून हॉर्न. 2000 फेऱ्यांच्या खाली गाडीला जीवच नव्हता, आणि सोलापुरात गाडी 2000 च्या वर जाते तरी कधी?

त्यात आमचा उन्हाळा. 25 अंशांच्या हवेपेक्षा 42 अंशांची हवा सुमारे 5 टक्के विरळ असते. गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, त्यानं आणखी 5 टक्के जातात. त्याच हवेचा दाब दुप्पट केला की ती टर्बोतून बाहेर पडते तेव्हा 140 अंशांच्या आसपास तापलेली असते. मग ती थंड करायला इंटरकूलर पुरेसा हवा. विक्रेत्याच्या जाहिरातीत दाब लिहिला होता. तो कुठल्या तापमानाच्या हवेचा, कुठल्या उंचीवरचा, किती फेऱ्यांवरचा, ह्यातलं अक्षरही नव्हतं. कुठल्या दाबाला किती हवा देताना हे चाक नीट चालतं, ह्याचा नकाशा प्रत्येक टर्बोचा असतो. मी तो मागितला. उत्तर आलं, "साहेब, एवढं कुणी विचारत नाही." दाजी, तुमचं वाक्य आणि हे वाक्य एकाच घरातलं आहे. तुम्ही म्हणता तू विचारू नकोस, मेस्त्रीला विचार. तो म्हणतो कुणीच विचारत नाही. दोघांच्या मध्ये ते चाक 2 लाख फेऱ्यांनी फिरत राहतं.

एका मुद्द्यावर दाजी मला सहज हरवू शकले असते, पण तो त्यांनी काढलाच नाही. कायद्याचा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेलं 182अ हे कलम, त्याचं चौथं पोटकलम, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं. अपघात झाला असता तर विम्याच्या माणसानं पहिलं बोट त्या टर्बोवर ठेवलं असतं. हे मी टर्बो मागवण्याआधी वाचायला हवं होतं. वाचलं नाही, ही माझी चूक, आणि ती नळीच्या चुकीपेक्षा मोठी आहे, कारण रस्त्यावर माझ्याबरोबर दुसरेही होते. पण दाजी, तुमच्या सल्ल्यानं ही चूक टळली असती का? तुम्ही म्हणालात मेस्त्रीला द्यायचं होतं. मेस्त्रीनं बसवलेला टर्बोही तितकाच बेकायदा. शिक्षा मालकाला होते, पाना कुणाचा होता ते कलम विचारत नाही. मला कुणी खरंच थांबवायला हवं होतं, तर ते "करू नको, रस्त्यावरच्या गाडीला हे चालत नाही" असं सांगून. तुमची हरकत बदलाला नव्हतीच, माझ्या काळ्या हातांना होती.

जूनमध्ये मी जुना टर्बो परत बसवला. ह्या वेळी दोन नळ्या नव्या घेतल्या, पोकळ बोल्टातून तार घालून तो रॉकेलात धुतला, सिलिकॉनला हात लावला नाही, खरं पॅकिंग वापरलं. दांडा हातानं हलवून पाहिला, त्याचं पुढंमागं सरकणं मोजलं, टर्बोत वरून तेल भरलं, डिझेलचा जोड काढून इंजिन नुसतं फिरवलं आणि तेलाच्या दाबाचा दिवा विझल्यावरच सुरू केलं. परतीची नळी ओळंब्यानं तपासली. 12 अंश. हे सगळं करताना आणखी एक गोष्ट सापडली. टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी होजला, क्लिपच्या खाली, दिसणार नाही अशा जागी, बोटभर लांबीची चीर होती. दाबलेली हवा तिथून निसटत होती, कोण जाणे किती वर्षं. घाटात गाडी रडायची ती बहुधा ह्या चिरेमुळं. नवी होज 1,400 रुपयांची. परवाच्या पौर्णिमेला आई, आम्ही दोघं, दोन मुलं, एसी चालू ठेवून तुळजापूरचा घाट चढलो, तिसऱ्या गिअरवर.

ही चीर त्या गॅरेजला दिसली नाही, आधीच्या मालकाला दिसली नाही, मलाही पहिल्या वेळी दिसली नाही. दुसऱ्या वेळी दिसली, कारण तेव्हा मी प्रत्येक नळी काढून, वाकवून, उजेडात धरून पाहत होतो. ती चीर शोधायला मोठा टर्बो लागत नव्हता. साबणाच्या पाण्याची बाटली आणि एक तास पुरला असता. तो तास कुणी दिला नाही, आणि त्यापायी 61,000 रुपये गेले. त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही.

गेल्या रविवारी दाजींचा धाकटा मुलगा बुलेटची चेन बदलायला माझ्याकडे आला होता. वडिलांना सांगू नका म्हणाला. मी त्याला आधी चेनचा ढिलेपणा मोजायला लावला, मागचं चाक फिरवत, चार ठिकाणी. तीन ठिकाणी माप सारखं आलं, चौथ्या ठिकाणी वेगळं. म्हणजे चेन एका जागी जास्त ताणली गेलेली. मग त्यानं पाना मागितला, आणि मी दिला.